भिशीचे चाळीस हजार आणि पहिला कॅमेरा

पत्र थोडक्यात असं: जुळे सोलापुरात राहणाऱ्या एक वाचक, वय ४६, पतसंस्थेत नोकरी. वीस जणींच्या भिशीत या महिन्यात त्यांचा नंबर लागला आणि हातात चाळीस हजार आले. फोनवर फोटो काढण्याचा नाद सहा-सात वर्षांचा, आता ‘खरा कॅमेरा’ घ्यायचा आहे. यंदा गड्ड्यात (सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत) होमाच्या रात्री नंदीध्वज पेलणाऱ्या पुतण्याचा फोटो पार हलला, तेव्हापासून हे डोक्यात आहे. संभाजी तलावावरचे पक्षीही काढायचे आहेत. नवी पेठेतल्या दुकानदाराने दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड असा ‘कॉम्बो’ दाखवला. पुण्यात शिकणारा मुलगा म्हणतो, डीएसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) संपले, मिररलेस (बिनआरशाचा) घे. यजमान म्हणतात, फोनला १०८ मेगापिक्सेल आहेत की; आणि घ्यायचाच असेल तर वाढदिवसाच्या ऑर्डरी घे, पैसे तरी सुटतील. कॅनन की निकॉन, नवा की जुना, आणि या वयात एवढा खर्च शोभतो का, असे त्यांचे प्रश्न आहेत. खाली ताजा कलम: ‘माहेरी पूर्व भागात वडिलांचा कारखाना आहे, चार माग. भाऊ दिवाळीनंतर माग भंगारात काढणार आहे. त्याचेही दोन-चार फोटो निघाले तर बरं.’

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात उत्तर तयार झालं होतं: अमुक बॉडी, तमुक लेन्स, बिल घ्यायला विसरू नका. दुसऱ्यांदा वाचताना ताजा कलमापाशी अडकलो. गड्डा दर संक्रांतीला येतो. तलावावरचे पाणकावळे पुढच्या रविवारीही तिथेच पंख वाळवत बसलेले असतील. चार माग मात्र दिवाळीनंतर किलोच्या भावाने जाणार, आणि त्यांना तुम्ही ‘निघाले तर बरं’ एवढीच जागा दिलीत. हरकत नसेल तर मी तुमचं पत्र खालून वर वाचतो. कॅमेरा कारखान्यासाठी निवडू, बाकीचं त्यात बसतंय का ते मग पाहू.

त्याआधी वयाचं उरकून घेतो. गेल्या भिशीतून वॉशिंग मशीन आलं, त्याच्या आधीच्या भिशीतून फ्रिज, हे तुम्हीच लिहिलंय. त्या दोघांना घरात कुणी विचारलं का, की बाबांनो, तुम्ही महिन्याला कमावता किती? मग कॅमेऱ्यालाच हा हिशोब का? वाढदिवसाच्या ऑर्डरी घेणं वाईट मुळीच नाही. पण त्यात दर शनिवार-रविवारची संध्याकाळ जाते, केकवर सुरी टेकते त्या क्षणी तयार असावं लागतं, आणि फोटो रात्री बारापर्यंत ग्रुपवर पडले नाहीत तर फोन येतात. तुमच्या चार पानांत या कामाची हौस मला कुठे दिसली नाही. पहिलं वर्ष तरी कॅमेरा बिनपगारी राहू द्या.

आता तो हललेला फोटो. तुम्ही पत्रासोबत पाठवला होता, मी मोठा करून पाहिला. मागे ओट्यावर उभे असलेले लोक स्वच्छ आलेत, एका आजोबांच्या चष्म्याची काडीसुद्धा दिसते. पुतण्याचा चेहरा तेवढा ओल्या बोटाने पुसल्यासारखा आहे. म्हणजे तुमचा हात हलला नव्हता. हात हलला असता तर आजोबांची काडीही गेली असती. उजेड कमी, म्हणून फोनने शटर जास्त वेळ उघडं ठेवलं, आणि तेवढ्यात पुतण्या पाऊलभर पुढे गेला. (ज्यांच्याकडे असे फोटो आहेत त्यांनी ही खूण लक्षात ठेवावी: सगळंच फिसकटलं असेल तर दोष हाताचा, नुसतं हलणारं फिसकटलं असेल तर शटरच्या वेळेचा.)

इथे तुमच्या पत्रातल्या एका गृहीताला जरा हात लावतो. त्या रात्री तुमच्या हातात नवाकोरा डीएसएलआर असता, सोबत मिळणाऱ्या लेन्ससकट, तर फोटो बरा आला असता, पण पुतण्या थोडाफार पुसलाच गेला असता. डीएसएलआरचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा तुकडा, फोनच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा असतो, तेवढा फायदा खराच. पण कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ची (हे आकडे मिलिमीटरचे; जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं) ‘किट लेन्स’ अठरावर असताना एफ ३.५ इतकी उघडते, आणि झूम करत पंचावन्नला नेली की एफ ५.६वर येते. हा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान. पस्तीसवर ठेवली तर साधारण एफ ४.५. त्याच जागी पस्तीसचीच, झूम न होणारी, एफ १.८ उघडणारी लेन्स लावली तर आत सहा पट उजेड येतो. किट लेन्सला जिथे १/१५ सेकंद लागत होता, तिथे जवळपास १/१०० मध्ये काम होतं. १/१५ मध्ये चालता माणूस पुसला जातो, १/१०० मध्ये बहुतेक वेळा टिकतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मेगापिक्सेलचं यजमानांना असं सांगा: १०८ मेगापिक्सेलचे बहुतेक फोन नेहमीचा फोटो काढताना नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. आणि लग्नाच्या अल्बममधलं १२ बाय १८ इंचाचं पान छापायला १८ मेगापिक्सेल पुरतात. दुकानातल्या कॅमेऱ्याचे चोवीस आणि यजमानांचे एकशे आठ, दोन्ही आकडे बाजूला ठेवा.

आता कारखान्यात या. तिथे मी गेलेलो नाही, पण पूर्व भागातले असे कारखाने पाहिलेत: दोन मागांमध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढीच बोळ, वर टांगलेली जकार्डची (कापडावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची) भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, एक-दोन ट्यूबलाइट, आणि सगळ्यावर कापसाचा पांढरा थर. तुमच्या कामाच्या तीन गोष्टी यात आहेत: जागा अरुंद, उजेड कमी, आणि माग व माणूस दोघेही हलते.

कॅनन की निकॉन हा वाद एरवी मी हसण्यावारी नेतो. दोन्ही कंपन्यांचे पहिल्या पायरीचे कॅमेरे उन्हात सारखेच फोटो देतात. तुमच्या बाबतीत मात्र फरक पडतो, आणि तो लेन्समुळे. या कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, त्यामुळे लेन्स जरा ‘जवळची’ होते: निकॉनवर दीड पट, कॅननवर १.६ पट. कॅननची सगळ्यात लाडकी स्वस्त लेन्स म्हणजे ५०ची एफ १.८ एसटीएम, २०१५ची. चेहऱ्यांसाठी झकास. पण ती कॅननवर ऐंशीसारखी वागते. तुमच्या बोळीत भावाचा चेहरा येईल, माग येणार नाही, आणि मागे सरकायला गेलात तर पाठ दुसऱ्या मागाला लागेल. निकॉनकडे याच कॅमेऱ्यांसाठी बनवलेली ३५ची एफ १.८ जी लेन्स २००९ पासून आहे. ती पन्नासच्या जवळ वागते, म्हणजे डोळ्याला दिसतं साधारण तसं. माणूस, त्याचे हात आणि मागाचा तुकडा एका चौकटीत बसतात. कॅननमध्ये या जागी स्वस्तात मिळते ती २४ची एफ २.८. लेन्स चांगली, पण उजेड एफ १.८च्या निम्म्याहूनही कमी.

म्हणून माझं मत निकॉनकडे झुकतं. डी३५०० हा २०१८चा कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, वजनाला हलका, आणि कंपनीच्या चाचणीप्रमाणे एका चार्जिंगमध्ये १५५० फोटो. गड्ड्याचे दोन दिवस निघतात. अडचण अशी की त्याचं उत्पादन थांबलंय, त्यामुळे आता बहुतेक जुनाच मिळेल. जुन्यातच डी५६०० योग्य भावात दिसला तर तो आधी बघा. त्याचा मागचा पडदा उघडून फिरवता येतो, मागाखालून फोटो घ्यायला जमिनीवर झोपावं लागत नाही.

निकॉन घेताना दुकानात एक फसगत हमखास होते. या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. ‘मॅडम, ही पन्नासची एफ १.८ डी घ्या, स्वस्तात देतो’ म्हणतील. लेन्स बसेल, फोटोही येईल, पण फोकस दर वेळी हाताने फिरवावा लागेल. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलंय का ते स्वतः वाचा. आणि कुणी अगदी जुना डी३१०० किंवा डी३२०० गळ्यात मारत असेल, तर त्याच्यावर एएफ-पी लेन्सचा फोकसच चालत नाही.

जुन्याची धास्तीच वाटत असेल, कंपनीची वॉरंटी हवीच असेल, तर कॅनन १५००डी. २०१८चाच, २४ मेगापिक्सेल, साधा, सरळ. पण नवा घेतलात तर भिशी जवळजवळ तिथेच संपते, उजेडाची लेन्स पुढच्या वर्षावर जाते, आणि माग तोवर थांबणार नाहीत. त्याच्याही खालचा ३०००डी टाळा. प्लॅस्टिकचा माउंट (लेन्स बसते ते कडं) आणि लहान पडदा मी चालवून घेतला असता, पण त्याच्या व्ह्यूफाइंडरला (डोळा लावायच्या खिडकीला) चष्म्याचा नंबर जुळवायची चकतीच नाही. तुम्हा-आम्हा चाळिशीवाल्यांना ती चकती लागते. नाहीतर फोकस झालाय की आपलाच डोळा मिचमिचतोय, तेच कळत नाही.

चिरंजीव चुकीचं सांगत नाहीत. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे माउंट आणले आणि त्यांचा सगळा जोर आता तिकडेच आहे. व्हिडिओ करायचा असेल, किंवा धावत्या नातवंडांच्या डोळ्यावर फोकस आपोआप चिकटून राहायला हवा असेल, तर मिररलेसच घ्यावा. पण स्वस्तातल्या मिररलेसबरोबर, म्हणजे कॅननच्या २०२३च्या आर१००बरोबर, येणारी १८-४५ची लेन्स एफ ४.५पासून सुरू होऊन ६.३ला जाते. तुमच्या कारखान्यात ती डीएसएलआरच्या किट लेन्सपेक्षाही आंधळी. आणि लोक मिररलेसकडे निघाले म्हणूनच तर चांगले डीएसएलआर बाजारात पडून आहेत! दुसऱ्याचा सोडलेला माल आपल्याला स्वस्तात मिळतोय. पुढे कधी मिररलेस घेतलाच, तर ही पस्तीसची लेन्स निकॉनच्या अडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालते.

कॉम्बोबद्दल माझा अनुभव सांगतो. माझा पहिला कॅमेरा मी असाच घेतला, कुठल्या दुकानातून ते जाऊ दे. दुसरी लेन्स ७५-३००ची, ट्रायपॉड फुकट, बॅग फुकट. हिप्परग्याच्या तलावावर पहिल्याच सकाळी वारा सुटला आणि ट्रायपॉड माझ्याआधी खाली बसला. लेन्सचं दुःख उशिरा कळलं: तिच्यात हात स्थिर करणारी सोयच नव्हती. तीनशेवर धरलेला प्रत्येक बगळा डबल यायचा. तेव्हा दुसरी लेन्स घ्यायचीच झाली तर तिच्या नावात कॅनन असेल तर ‘आयएस’, निकॉन असेल तर ‘व्हीआर’ ही अक्षरं आहेत का बघा. किट लेन्सच्याही नावात बघा, काही वेळा स्वस्त जोडीत ती अक्षरं नसलेली लेन्स सरकवतात. आणि ‘बिल नको, दोन हजार कमी’ म्हणाले तर सरळ शेजारचं दुकान गाठा.

पक्ष्यांचं मी यंदा पुढे ढकलेन. अडीचशेच्या लेन्सवर संभाजी तलावाच्या मधोमध बसलेला पक्षी दाण्याएवढा येतो, आणि नान्नजच्या माळावरचं काळवीट शेंगदाण्याएवढं. केवळ पक्षीच हवे असणाऱ्या वाचकांनी डीएसएलआरच्या फंदात न पडता निकॉन पी९००सारखे लांब झूमचे एकसंध कॅमेरे बघावेत. सेन्सर फोनसारखाच लहान, पण उन्हात पोहोच जबरदस्त.

जुना कॅमेरा घ्यायला जाताना सोबत एक टॉर्च आणि स्वतःचं मेमरी कार्ड न्या. लेन्स बॉडीवरून काढून तिच्यातून टॉर्च मारा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. आपल्या कोरड्या हवेत बुरशी कमी, पण मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये ती बऱ्याचदा असते. मग भोक एफ २२वर नेऊन मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. साफ होते, पण भाव पाडायला उपयोगी. शटर किती वेळा उडालंय तेही विचारा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, तुमच्या कार्डावर काढलेला फोटो घरी आणा आणि मुलाला काढायला सांगा. डी३५००चं शटर एक लाखासाठी तपासलेलं असतं. तीस हजारांच्या आत असेल तर कॅमेरा घरात वापरलेला, नव्वद हजार असेल तर त्याने दोन-तीन लग्नसराया पाहिल्यात. फाइलच्या नावातल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

पैशांची वाटणी साधारण अशी करा: भिशीतले निम्म्याहून थोडे जास्त जुनी बॉडी आणि किट लेन्सला, पाव हिस्सा पस्तीसच्या लेन्सला, उरलेल्यात जादा बॅटरी, एक चांगलं कार्ड, साधी बॅग आणि रबरी ब्लोअर. ब्लोअर चैन समजू नका. कारखान्यातला कापूस एकदा आत गेला की फुंकर मारून निघत नाही, फुंकरीने थुंकी मात्र जाते. लेन्स बदलायची ती घरी किंवा बाहेर ओट्यावर, कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून. मागाशेजारी कधीच नाही. आणि उन्हाळ्यात कॅमेरा स्कूटीच्या डिकीत विसरू नका.

घेण्याआधी जमलं तर एखाद्या ओळखीच्या फोटोग्राफरकडून असाच कॅमेरा एका रविवारपुरता भाड्याने घ्या आणि थेट माहेरी जा. अर्ध्या तासात कळेल की पस्तीस पुरतंय की अठरा लागतंय. पण कॅमेरा ठरेपर्यंत फोनला सुट्टी देऊ नका. या रविवारीच जाऊन मागाच्या आवाजाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ करून ठेवा. तो खटखटाट कुठल्याही लेन्समध्ये येत नाही.

कॅमेरा हातात आल्यावर: ट्यूबलाइटखाली शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. आपली वीज पन्नास हर्ट्झची, जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्याहून वेगाने काढलेत तर एक फोटो पिवळा, एक हिरवा, एक अर्धा काळा असं होईल. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने न सजवलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, रंग मागून नीट करता येतात. एफ १.८वर फोकसची जागा फार पातळ असते, भावाच्या हातावर फोकस केलात तर त्याचे डोळे जातील. सुरुवातीला हे चुकणारच. धोटा (आडवा धागा घेऊन पळणारा) गोठवायच्या मागे लागू नका, तेवढा उजेडच तिथे नाही. उलट १/१५ ठेवा, कोपर मागच्या भिंतीला टेकवा, आणि धोट्याची नुसती रेघ येऊ द्या. ताणा (उभे धागे) स्थिर, भावाचा हात स्थिर, मधून ती रेघ. फ्लॅश मारू नका, हवेतला सगळा कापूस बर्फासारखा दिसेल. आणि पदर घट्ट खोचून आत जा, मागाच्या फिरत्या पट्ट्याला नवखं-जुनं कळत नाही.

गड्ड्याला हीच पस्तीसची लेन्स होमाच्या रात्री कामी येईल. अक्षतांच्या सोहळ्याच्या दुपारी मात्र किट लेन्स लावा. चौकटभर पांढऱ्या बाराबंद्या असल्या की कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजेड) दोन-तीन खटके अधिककडे न्या. दारूकामाला उजेडाची लेन्स लागतच नाही. तिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाला दाद द्यायची पातळी) १००, एफ ८ आणि तीन-चार सेकंदांचं शटर, म्हणजे पैसे लागतील ते न डगमगणाऱ्या ट्रायपॉडला.

भावाला मागाशेजारी फोटोसाठी उभं करू नका. तुटलेला धागा सांधायला तो वाकतो, तेव्हा काढा. आणि माग न्यायला टेम्पो येईल त्या दिवशी रजा टाका. माग उचलल्यावर फरशीवर तेलाचे चार काळे चौकोन उरतील. त्यांना किट लेन्स पुरते. अठरावर ठेवा आणि मागचं दार पूर्ण उघडा.